मला मत नाही

एडिसनमधल्या आमच्या टाउनहाउसमध्ये दोन टीव्ही होते. हॉलमधला मोठा क्रिकेटसाठी आणि पाहुण्यांसाठी, स्वयंपाकघरातला छोटा बातम्यांसाठी. आईला पोळ्या लाटताना कोणाची तरी बडबड लागायची, आणि त्या वर्षी बडबडीला तोटा नव्हता, कारण अध्यक्षपदाची निवडणूक होती. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून तव्यावरचा एक्झॉस्ट फॅन सारखा घरघरत असे. त्यामुळे उमेदवारांची भाषणं तिला निम्मीच ऐकू यायची, आणि तेवढ्यावर ती दोघांचीही झाडाझडती घ्यायची. "विचारलं काय आणि हा सांगतोय काय," असं म्हणून लाटणं टीव्हीवर रोखायची. बाबा ऑफिसातून आले की ओट्याच्या टोकाला उंच स्टुलावर बसत. चहात टोस्ट बुडवून स्क्रीनकडे बघत राहत, तो मऊ पडून कपात गळून गेला की चमच्यानं काढून खात. सगळं ऐकत, पण बोलत काही नसत.

उमेदवारांना आईनं नावं ठेवली होती, थोरले आणि धाकटे. नागपूरला तिचे दोन चुलतसासरे होते, त्यांच्यावरून. वयानं मोठा तो थोरले, दुसरा धाकटे. बघता बघता आमच्या सगळ्या ओळखीत हीच नावं रुळली. त्यात सोयही होती. ओक ट्री रोडवरच्या दुकानात कोवळी भेंडी मोडून बघताना कोणी "थोरल्यांचं काही खरं नाही" म्हटलं, तर शेजारच्या गिऱ्हाइकाला वाटायचं, घरातली भानगड असेल. त्या दोघांची खरी नावं मी इथंही लिहीत नाही. त्यांच्याबद्दल बरंवाईट लिहिणारे पुष्कळ झाले, आणि ही गोष्ट काही त्यांची नाही.

मतं मात्र सगळ्यांनाच होती. शिरीषकाका पुण्याचे, आमच्या गटात वयानं मोठे, त्यांच्या घरी सगळे जमायचे. त्यांना थोरले आवडत. "माणूस कडू बोलतो, पण तोंडावर बोलतो," असं ते म्हणत. त्यांच्या बायकोला, मेधाकाकूंना, थोरल्यांनी डिबेटमध्ये समोरच्याला बोलताना तोडलेलं अजिबात खपलं नव्हतं. ज्याला दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबता येत नाही त्याच्या हाती देश कसा द्यायचा, हा त्यांचा सवाल. मुंबईचे रवीकाका टॅक्सच्या पलीकडे जात नसत. किराणा दुकानातल्या गल्ल्यावरची बाई म्हणायची, धाकटे फार हसतात, एवढं हसणाऱ्याचा भरवसा नाही. आणि समोरच्या घरातले गोरे आजोबा, जे दर हिवाळ्यात न सांगता आमच्याही दारातला बर्फ ओढून टाकायचे, त्यांच्या हिरवळीवर थोरल्यांच्या नावाची पाटी उभी होती. ती पाटी लागली त्या दिवशी आई खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. मग तिनं नेहमीसारखा त्यांच्याकडे गाजरहलव्याचा डबा पाठवला.

पाटीचं तिला एवढं का लागलं ते सांगायला हवं. आमच्या गटातली सगळी घरं थोड्याफार अंतरानं नोकरीच्या व्हिसावर आलेली, आणि सगळी ग्रीन कार्डच्या लाइनीत उभी. ही लाइन म्हणजे काय ते बाहेरच्याला समजत नाही. माणूस नोकरी करतो, घर घेतो, टॅक्स भरतो, मुलं शाळेतून कॉलेजात जातात, आणि लाइन जागची हलत नाही. दर काही वर्षांनी व्हिसाचं एक्स्टेन्शन मागायचं, ते मिळालं की हुश्श करायचं. थोरले उघड सांगत होते की बाहेरून आलेल्यांच्या नोकऱ्यांवर ते कात्री चालवणार. धाकटे म्हणत होते की ते लाइन पुढे सरकवतील. त्या वर्षी बाबांचं एक्स्टेन्शन अडकलं होतं. वकिलाकडून फोन आला की बाबा गॅरेजमध्ये जाऊन बोलायचे, आणि ड्रायर चालू असला तरी आई तो बंद करून कान द्यायची.

मी तेवढी इथं जन्मलेली. त्या उन्हाळ्यात अठराची झाले आणि आमच्या त्या सगळ्या गोतावळ्यात मतदानाचा हक्क असलेली एकटीच ठरले. बाकीच्यांची मुलं अजून लहान होती. एकाएकी माझा भाव वधारला. जे रवीकाका मला आजवर "ए, कोक आण गं" म्हणत आले होते, ते मला बसायला खुर्ची देऊ लागले. मेधाकाकूंकडून बेसनाचे लाडू आले. प्रत्येक जण मला बाजूला घेऊन आपलं मत समजावून सांगायचा, आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून जायचा. एवढ्या लोकांची मतं घेऊन मी एकटीच मतदानाच्या मशीनपुढे उभी राहणार होते. सुरुवातीला मला त्याची मजा वाटली, मग ओझं वाटू लागलं.

त्या ओझ्याला आणखी एक कारण होतं. शाळेपासूनची माझी मैत्रीण जेना, तिचा मोठा भाऊ सैन्यात होता, दूर कुठल्या तरी वाळवंटात. तिच्या घरी जेवायच्या टेबलावर त्याची खुर्ची रिकामी ठेवलेली असायची आणि तिच्यावर कोणी पर्ससुद्धा ठेवत नसे. थोरले म्हणत होते, आमची मुलं आम्ही घरी आणू. धाकटे त्यावर गोल गोल बोलत. जेनानं मला कधीच काही सांगितलं नाही की तू अमक्याला मत दे. पण मी तिच्याकडे जेवायला गेले की त्या खुर्चीकडे बघायची, आणि घरी आले की गॅरेजच्या दाराकडे. एकाच उमेदवारात दोन्ही मिळत नव्हतं.

शेवटचं डिबेट बघायला शिरीषकाकांकडे सगळे जमलो तो रविवार मला अजून लख्ख आठवतो. डिबेट आधीच होऊन गेलं होतं, काकांनी ते रेकॉर्ड करून ठेवलं होतं, म्हणजे हवं तिथं थांबवून भांडता येईल. मेधाकाकूंची मिसळ होती, कोणाचा ढोकळा होता, आणि आईनं पाटवडीचा रस्सा नेला होता, वर लाल तर्री आलेला. नागपूरच्या रश्श्यानं पुण्याच्या माणसांच्या नाकातून पाणी येतं, आणि तरी ते दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात, याचा आईला केवढा अभिमान. जेवता जेवता रवीकाकांच्या मनात आलं की आपण घरातच मतदान घेऊ. ते एकेकाकडे बोट दाखवत गेले. थोरले. धाकटे. धाकटे. थोरले, पण व्हिसाचं सोडून. हशा, टाळ्या. मग बोट बाबांवर आलं. बाबा कोपऱ्यात जिन्याच्या खालच्या पायरीवर ताटली मांडीवर घेऊन बसले होते.

"बोला पाटीलसाहेब, तुमचं मत?" रवीकाका म्हणाले. आमचं आडनाव पाटील कसं, हे मी समजत्या वयात आल्यावर बाबांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, आडनाव गावाचं मिळालं, गावच्या जमिनीत वाटा मिळाला नाही.

बाबा म्हणाले, "मला मत नाही."

"अरे यार, असं कसं मत नाही? ओपिनियन विचारतोय, सिक्रेट नाही विचारत."

"मत नाही म्हणालो ना."

सगळे हसले. शिरीषकाका म्हणाले, "हे आमचे न्यूट्रल. डिबेटच्या वेळी यांना सायलेंट मोडवर टाकलेलं असतं." त्यांच्या बोलण्यात खोडी होती, वाईट हेतू नव्हता. पण मी आईकडे बघितलं. तिचा डाव पातेल्यातच थांबला होता. मला तेव्हा एकदम कळलं की बाबांना त्यांचा प्रश्न बरोबर समजला होता, फक्त त्यांनी त्याचं वेगळं उत्तर दिलं होतं. इंग्रजीत ओपिनियन वेगळं आणि व्होट वेगळं. मराठीत दोन्ही मतच. माझं मराठी कच्चं, म्हणून लहानपणापासून मी हे दोन शब्द मनात वेगळे करून घ्यायची. बाबांनी ते कधी वेगळे केलेच नव्हते. देश सोडल्यापासून त्यांना तिथं मत नव्हतं, इथं मिळालं नव्हतं, आणि ज्याला एक नाही त्यानं दुसरं दिवाणखान्यात वाटत फिरावं हे त्यांना पटत नव्हतं. हसणाऱ्यांत बाबा माझ्या वयाचे होते तेव्हापासूनचे त्यांचे मित्र होते. त्यांच्यातल्या एकालाही ते कळलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

रवीकाका मग माझ्याकडे वळले. "हे बघ प्रज्ञा, आमचं सगळं जाऊ दे. मी थोरल्यांचा माणूस आहे, तुला माहितीये. पण तू धाकट्यांनाच दे. तुझ्या बाबांची केस पेंडिंग आहे, यात विचार कसला करायचा?" त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. मेधाकाकू म्हणाल्या, "हो गं बाई, घरासाठी दे." अडले की मी इंग्रजीत शिरायची, तशी शिरले. जेनाच्या भावाबद्दल बोलले. त्या खुर्चीबद्दल बोलले. आय डोन्ट नो, असं शेवटी म्हणाले. कोणी तरी रिमोट उचलून थांबवलेलं डिबेट पुन्हा चालू केलं, आणि धाकट्यांचं हसणं मोठ्यानं ऐकू आलं.

बाबा पायरीवरून उठले. ताटली सिंकमध्ये ठेवली, नळ सोडून हात धुतला, आणि सावकाश म्हणाले, "शिरीष, रवी, तुमचं प्रेम आहे, मला माहीत आहे. पण तिला सांगू नका. कोणीच सांगू नका. माझ्यासाठी तर नाहीच नाही."

आम्ही घरी परतलो. ड्राइव्हवेत आल्यावर आई रिकामं पातेलं घेऊन आत गेली. बाबांनी इंजिन बंद केलं आणि तसेच बसून राहिले. समोरच्या आजोबांनी अंगणातली पानं गोळा करून ढीग लावला होता, त्यांनी हात केला, बाबांनीही केला. मग ते मला त्यांच्या आईबद्दल सांगू लागले. माझी ही आजी उत्तर नागपुरातल्या वस्तीत राहायची आणि बांधकामावर विटा वाहायची. मी तिला फक्त फोटोत पाहिलेली.

"मी शाळेत होतो," बाबा म्हणाले. "निवडणुकीच्या आदल्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला. कोणत्या चित्रावर शिक्का मारायचा ते सांगून गेला. नाही मारला तर काम नाही. आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. सकाळी आंघोळ केली, पांढरं लुगडं काढलं. ते ती वर्षातून एकदोनदाच नेसायची, विहारात जायचं असलं की. हॉलमध्ये आपल्याकडे तो फोटो आहे न, निळ्या सुटातला? तसाच घरीही होता. त्याच्यापुढे हात जोडले अन् गेली. परत आली, चूल पेटवली. मी विचारलं, माय, कोणाला दिलं? तर म्हणे, बेटा, माझं मत मी पेटीत टाकून आले. आता ते माझ्यापाशी नाही, तुला कुठून सांगू?"

"अँड द कॉन्ट्रॅक्टर?" मी विचारलं.

"त्यालाही तेच सांगितलं. मग पुष्कळ दिवस तिला काम मिळालं नाही. भाकरी अन् मिरची खाऊन काढले ते दिवस. तिनं त्याच्याच माणसाला दिलं असेल, नसेलही. मला अजून माहीत नाही." त्यांनी गाडीची किल्ली काढून घेतली. "तो ठेकेदार, म्हणून दटावत होता. हे लोक मायेनं सांगतात. पण दुसऱ्यानं सांगून दिलं तर ते तुझं कसं राहील? काहून द्यायचं मग? माझी केस माझी आहे. तुझं मत तुझं आहे."

हे मी आता सहज लिहून टाकते आहे, पण तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. त्यांनी जर सांगितलं असतं, दे धाकट्यांना, तर मी सुटले असते. मुलांना स्वातंत्र्य दिलं म्हणून आईबाप समाधानी असतात, ते पेलताना मुलांचे हात किती भरून येतात ते त्यांना दिसतंच असं नाही. बाबांना ते दिसत होतं असं मला वाटतं. तरीही त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी मला इस्त्रीच्या वाफेचा फसफस आवाज आला. बाबांनी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. पांढरा शर्ट काढला होता, बूट चमकवले होते. "बाबा, इट्स जस्ट द फायर हाउस," मी म्हणाले. मी स्वतः कॉलेजचा हुडी घालून उभी होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी वर जाऊन कपडे बदलून आले. आईनं माझ्या हातावर दहीसाखर ठेवली.

मतदान केंद्र होतं त्या फायर हाउसच्या दारात बंब बाजूला काढून ठेवले होते आणि आत ओळीनं मशीनं लावली होती. बाबा माझ्याबरोबर दारापर्यंत चालत आले. दाराशी एक म्हाताऱ्या बाई लोकांना वाट दाखवत होत्या. त्यांनी बाबांचा शर्ट, बूट बघितले आणि हसून विचारलं, "आर यू व्होटिंग टुडे, सर?"

"नो, मॅम," बाबा म्हणाले. "माय डॉटर इज."

त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. त्यात कमीपणा औषधालासुद्धा नव्हता. ते तिथंच थांबले, मी आत गेले. पडदा ओढला. समोर दोघांची नावं होती, एकाखाली एक, छापील आणि शांत, आणि इतके महिने ऐकलेली सगळी बडबड तिथं पोचतच नव्हती. मी जेनाच्या घरची खुर्ची आठवली, गॅरेज आठवलं, आणि ज्या बाईला मी कधी भेटले नाही तिचं लुगडं आठवलं. मग बटण दाबलं. कोणाचं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. इथंही लिहिणार नाही.

बाहेर पडताना त्या बाईंनी मला मतदान केल्याचं स्टिकर दिलं. मी ते बाबांच्या शर्टाला लावायला गेले, तर ते मागं सरले. "ज्यानं दिलं त्यानं लावायचं," म्हणाले. गाडी निघाली, आणि मग एक नवल झालं. बाबा बोलायला लागले. "आता सांगायला हरकत नाही," म्हणाले, आणि थोरले आणि धाकटे दोघांचंही सगळं सांगत सुटले. कोण कुठं चुकला, कोणाचं कोणतं उत्तर खरं वाटलं, हॉस्पिटलांबद्दल कोण काय म्हणाला. स्टुलावर बसून त्यांनी एक शब्द वाया जाऊ दिला नव्हता. त्यांना मत असतं तर त्यांनी धाकट्यांना दिलं असतं. "लाइनीसाठी नाही हं. एका डिबेटमध्ये एका बाईनं उठून प्रश्न विचारला, आठवते? तिचा आवाज कापत होता. तो तिच्या जवळ गेला अन् ती बोलून होईपर्यंत उभा राहिला. मला ते आवडलं." बोलण्याच्या नादात आमचं वळण चुकलं. बाबांचं वळण कधी चुकत नसे. मी खिडकीबाहेर बघत होते. त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "तू सांगू नकोस. तू पेटीत टाकून आलीस."

निवडणूक थोरले जिंकले. जेनाचा भाऊ पुढं घरी आला, थोरल्यांमुळे आला की त्याची वेळ झाली म्हणून, ते मला सांगता येणार नाही. बाबांचं एक्स्टेन्शन नाकारलं गेलं. आणखी थोडी वर्षं निघाली असती तर मी एकवीसची होऊन त्यांना स्पॉन्सर करू शकले असते. ती निघाली नाहीत, आणि आईबाबांना भारतात परतावं लागलं. आईनं कपाटं रिकामी केली, पाटवडीचं पातेलं मेधाकाकूंना देऊन टाकलं, आणि समोरच्या आजोबांनी सामान गाडीत चढवायला मदत केली. विमानतळावर रवीकाका मला धरून रडले. त्यांच्या मनात एक प्रश्न होता तो त्यांनी विचारला नाही. आईनं एकदा विचारला, फोनवर, पुष्कळ दिवसांनी. बाबांनी पलीकडून तिच्या हातातला फोन घेतला आणि हवापाण्याचं बोलत राहिले.

पुढं मी त्यांना परत आणायला निघाले होते, कायद्यानं ते आता सोपं होतं. बाबा नको म्हणाले. "इथं मला मत आहे," एवढंच. मी भारतात त्यांच्याकडे गेले तेव्हा नेमकी तिथली निवडणूक होती. नागपूरचं ऊन, मतदान एका शाळेत, बाहेर लांब रांग. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. मी फाटकाबाहेर कडुलिंबाच्या सावलीत गाडीशी उभी राहिले, परदेशी पासपोर्टवाली, पर्स पोटाशी धरून. रांग हळूहळू सरकत होती, पण सरकत होती. ते बाहेर आले तेव्हा बोटावरची शाई अजून ओली होती, आणि ती पुसू नये म्हणून त्यांनी हात अंगापासून लांब धरला होता.

मी विचारलं नाही, कोणाला. गाडीत बसल्यावर तेच म्हणाले, "बोल, तुझं मत काय? कोण यायला पाहिजे इथं?"

"बाबा, मला मत नाही," मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळून बघत राहिले. त्यांना शिरीषकाकांचा तो दिवाणखाना आठवला हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "मत नाही ते माहीत आहे मला," ते म्हणाले. "तरी सांग. मी ऐकतो." मग मी माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगू लागले, अडखळत, शब्द शोधत, आणि घर येईपर्यंत त्यांनी माझं एकही वाक्य तोडलं नाही.